शेवटच्या फेरीतला मुलगा



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी तो सांगितला, आणि टेलिफोनच्या पलीकडे काही क्षण शांतता पसरली. वैशाखाच्या उकाड्यात बर्फावरच्या हॉकीविषयी ऐकायला कोण येणार, अशी शंका त्यांच्या मनात आली असावी. सभ्यपणामुळे त्यांनी ती बोलून दाखवली नाही. आपण इतक्या संख्येने आलात हे पाहून त्यांच्याइतकेच मलाही नवल वाटते आहे. विचार पटो न पटो, निदान कानांना थोडा गारवा मिळाला तरी आपले येणे अगदीच वाया गेले असे होणार नाही.

मी या खेळातला अधिकारी पुरुष नव्हे, हे आरंभीच कबूल करतो. स्केट पायांत चढवून मी एकदाच बर्फावर उभा राहिलो. उभा राहिलो हे म्हणणेसुद्धा अतिशयोक्तीचे होईल. माझे आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेले. मुलगी कॅनडात विनिपेगला असते आणि नातू तिथे हॉकी खेळतो, म्हणून गेली काही वर्षे हिवाळ्याचे दोन-तीन महिने मी बर्फाच्या मैदानाभोवतीच्या बाकांवर बसून काढले. नातू मोठा खेळाडू होणार नाही, हे आजोबा असूनही मी सांगू शकतो. पण त्या बाकांवर माझ्या शेजारी कधीकधी वहीपेन्सिल घेतलेली माणसे येऊन बसत. ती स्काउट, म्हणजे पारखी. मुले पाहायची आणि त्यांच्यात पुढे काय होण्याची शक्ती आहे ते लिहून ठेवायचे, हा त्यांचा धंदा. तीस वर्षे मीही तेच करत होतो, फक्त मला ते कोणी सांगितले नव्हते. म्हणून हा विषय माझ्या मनात शिरला तो अजून बाहेर पडलेला नाही.

खेळ थोडक्यात सांगतो. एका बाजूला सहा जण, त्यांतला एक गोलरक्षक. चेंडूऐवजी कडक रबराची तीन इंच व्यासाची चकती, तिला पक म्हणतात. मैदान दोनशे फूट लांब आणि पंचाऐंशी फूट रुंद, भोवती कठडा. वेग इतका की खेळाडू पाऊण मिनिटात थकून बाहेर येतो आणि दुसरा आत जातो. धक्का देणे नियमाला धरून आहे. एवढे ध्यानात ठेवले की आजच्यापुरते पुरे.

अमेरिका आणि कॅनडा मिळून नॅशनल हॉकी लीग ही व्यावसायिक संघांची संघटना आहे. आज तिच्यात ३२ संघ आहेत. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी हे संघ जगभरच्या अठरा ते वीस वर्षांच्या मुलांतून आळीपाळीने निवड करतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. गेल्या हंगामात जो दुबळा ठरला त्याने आधी निवडावे, अशी सर्वसाधारण रीत. अगदी वरच्या जागांसाठी मात्र चिठ्ठ्या टाकतात. नाही तर पहिला क्रमांक मिळावा म्हणून मुद्दाम हरणारे महाभागही निघायचे! १९६३ साली माँट्रिऑलला पहिला ड्राफ्ट झाला तेव्हा अवघी २१ मुले निवडली गेली. आज सात फेऱ्या होतात. बत्तीस साते दोनशे चोवीस. पहिल्या फेरीतल्या मुलाला व्यासपीठ, छायाचित्रे, टाळ्या. सातव्या फेरीपर्यंत सभागृह रिकामे व्हायला लागलेले असते. आणि निवड झाली म्हणजे नोकरी लागली असेही नाही. त्या मुलाशी करार करण्याचा हक्क काही काळ त्या संघाकडे राहतो, इतकेच. शेवटच्या फेऱ्यांतल्या बहुसंख्य मुलांना लीगचा एकही सामना कधी खेळायला मिळत नाही.

या तळाच्या फेऱ्यांकडे पूर्वी कोणत्या दृष्टीने पाहत, याची एक गोष्ट आहे. १९७४ साली ड्राफ्ट टेलिफोनवरून चालला होता आणि तो काही केल्या संपेना. बफलो संघाचे व्यवस्थापक पंच इम्लाक कंटाळले आणि अकराव्या फेरीत, १८३ व्या क्रमांकावर, त्यांनी टोकियोच्या कटानाज संघाचा तारो त्सुजिमोटो याचे नाव दिले. लीगने ते यथासांग नोंदवून घेतले. असा खेळाडू जगात नव्हता. असा संघही नव्हता. सारा बनाव होता! आज आपण हसतो. पण त्या दिवशी ‘हा मुलगा कोणी पाहिला आहे का?’ असे विचारायची कोणालाच गरज वाटली नाही. अकराव्या फेरीतल्या खऱ्या मुलांविषयी तरी हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल?

आता खऱ्या मुलांकडे येऊ. लुक रोबिताय हा कॅनडाच्या क्विबेक प्रांतातला मुलगा. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या किंग्ज संघाने त्याला नवव्या फेरीत, १७१ वा, घेतला. त्याच किंग्जनी त्याच्या कितीतरी आधी, ६९ वा, टॉम ग्लॅव्हिन नावाचा मुलगा घेतला होता. हा ग्लॅव्हिन हॉकीकडे आलाच नाही. तो बेसबॉलमध्ये गेला आणि तिथे थोर गोलंदाज ठरला. इकडे रोबितायने लीगमध्ये ६६८ गोल केले. डाव्या बगलेच्या खेळाडूने तोवर इतके गोल कधीच केले नव्हते, आणि हा विक्रम पुढे कितीतरी वर्षे टिकला. योगायोग असा की १९९८ साली डेट्रॉइटने सहाव्या फेरीत १७१ व्याच क्रमांकावर रशियातल्या येकातेरिनबुर्गचा पावेल दात्स्यूक निवडला. पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, त्यांनीच सातव्या फेरीत २१० वा घेतला तो स्वीडनचा हेन्रिक झेटरबर्ग. २००८ साली डेट्रॉइटने स्टॅन्ली कप जिंकला तो या दोघांच्या जिवावर, आणि अंतिम स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान झेटरबर्गला मिळाला. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आलेला पॅट्रिक श्टेफान त्याआधीच, २००७ मध्ये, लीगमधून बाहेर पडला होता.

आपल्याकडे म्हण आहे, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. लहानपणापासून ती मी ऐकतो आहे आणि वर्गात कित्येकदा मीही ती वापरली आहे. पण ही म्हण कोणाच्या बाबतीत उच्चारली जाते, हे कधी आपल्या लक्षात आले आहे का? मूल मोठे होऊन नाव काढते, तेव्हा. पाळण्याशी उभे राहून आधीच सांगणारा विरळा. दोनशेनऊ मुले निवडून होईपर्यंत झेटरबर्गचे पाय कोणालाच दिसले नाहीत. आणि ज्यांना दिसले असे आपण समजतो, त्या डेट्रॉइटनेही त्या दिवशी त्याच्याआधी इतर मुले घेतली होतीच. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

मग पारख करायची ती कशाची? सामान्यतः जे मोजता येते ते आधी मोजले जाते. उंची, वजन, धाव, दम. ड्राफ्टच्या आधी वरच्या मुलांना एकत्र बोलावून सायकलीवर बसवतात, उड्या मारायला लावतात, दांड्याला लोंबकळून हनुवटी वर न्यायला सांगतात. २०१४ साली सॅम बेनेट या मुलाला ती हनुवटी एकदाही दांड्यापर्यंत नेता आली नाही. वर्तमानपत्रांना आयताच विषय मिळाला. तरी कॅलगरीने त्याला चौथा घेतला, आणि २०२५ साली फ्लॉरिडाकडून खेळताना अंतिम स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून तोच निवडला गेला. मोजमाप निरुपयोगी आहे, असे मी गणिताचा मास्तर कसा म्हणेन? माझे म्हणणे इतकेच की जे मोजायला सोपे ते महत्त्वाचे, असा एक भ्रम माणसाला सहज जडतो.

शेवटच्या फेरीतल्या मुलाविषयी पहिला प्रश्न वेगळाच विचारावा लागतो. पहिल्या फेरीच्या मुलाविषयी ‘याच्यात काय आहे?’ असे विचारतात. खालच्या फेरीतल्या मुलाविषयी ‘हा इथवर का उरला?’ असे विचारले पाहिजे. त्याच्यात काही उणीव आहे, हे उघड आहे. नसती तर तो वरच गेला असता. प्रश्न त्या उणिवेच्या कारणाचा आहे. काही कारणे काळाबरोबर आपोआप नाहीशी होतात, काही कष्टाने जातात आणि काही मेल्याशिवाय जात नाहीत. या तिन्हींची गल्लत न करणे, हे पारख्याचे अर्धे शहाणपण.

काळाने जाणारे पहिले कारण वयाचे. १५ सप्टेंबरपर्यंत ज्याला अठरा पूर्ण होतात तो त्या वर्षी निवडीस पात्र होतो. म्हणजे १६ सप्टेंबर २००६ ला जन्मलेला मुलगा आणि १५ सप्टेंबर २००७ ला जन्मलेला मुलगा एकाच वर्षी एकाच यादीत येतात. दोघांत एक दिवस कमी एक वर्षाचे अंतर. सतराव्या-अठराव्या वर्षी एका वर्षात मुलाच्या खांद्यांत आणि मांड्यांत केवढा फरक पडतो, हे येथे बसलेल्या मातांना सांगायला नको; शिवलेला सदरा दिवाळीपर्यंत पुरत नाही. शिवाय कॅनडात लहान मुलांचे गट जानेवारी ते डिसेंबर असे पडतात. जानेवारीत जन्मलेला मुलगा आपल्या गटात थोराड दिसतो, त्याला चांगल्या संघात घेतात, चांगला शिक्षक मिळतो, अधिक खेळायला मिळते. आणि सुरुवातीला जो निव्वळ महिन्यांचा फरक होता, तो दहा वर्षांत खरोखरीच गुणांचा फरक होऊन बसतो. १९८५ साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी हे आकड्यांनिशी दाखवले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे दिसले, की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या मुलांना संघ त्यांच्या योग्यतेपेक्षा उशिरा निवडतात आणि ती मुले पुढे आपल्या क्रमांकाच्या मानाने अधिक चांगली निघतात. म्हणजे पारख्यांच्या डोळ्यांपुढे जन्मतारीख लिहिलेली असते, तरी डोळे शरीरच पाहतात!

दुसरे कारण दुखापतीचे. मार्क स्टोन हा विनिपेगचाच मुलगा, ब्रँडन गावाच्या तरुण संघात खेळत असे. ब्रँडन तिथून मोटारीने दोन-अडीच तासांवर. निवडीच्या वर्षी, २००९-१० च्या हंगामात, दुखापतींमुळे त्याला ३९ सामनेच मिळाले आणि त्याचे २८ गुण झाले. गोलाचा एक गुण आणि गोलाला साहाय्य केल्याचा एक, असा तिथला हिशेब आहे. त्यात तो धावायला मंद, असा बोभाटा. ओटावाने त्याला सहाव्या फेरीत, १७८ वा, घेतला. पुढच्या वर्षी त्याच संघात त्याने १०६ गुण मिळवले आणि त्याच्या पुढच्या वर्षी १२३. जून २०२३ मध्ये वेगासने स्टॅन्ली कप जिंकला तेव्हा स्टोन त्यांचा कप्तान होता आणि निर्णायक सामन्यात त्याने एकट्याने तीन गोल केले.

तिसरे कारण जागेचे. मुलगा अशा ठिकाणी खेळतो की पाहणारा तिथवर पोचतच नाही. किंवा पोचला तरी मुलगा बाकावर बसलेला असतो. दात्स्यूक युरालच्या पलीकडे होता. डेट्रॉइटचे युरोपातले स्काउट होकन आंदेर्सन हे रशियात गेले होते ते दुसराच एक खेळाडू पाहायला. झेटरबर्गचीही तीच कथा. फिनलंडमधल्या एका स्पर्धेत ते पाहत होते दुसऱ्याला, आणि डोळ्यांत भरला हा. फिनलंडचा गोलरक्षक पेक्का रिने आपल्या क्लबमध्ये राखीव होता, सामने फारसे मिळत नसत. नॅशव्हिलने २००४ साली त्याला आठव्या फेरीत २५८ वा निवडला आणि २०१८ साली तो वर्षातला सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. आजच्या सात फेऱ्यांत २५८ वा क्रमांकच नाही. आज त्याचे नाव कोणी पुकारलेच नसते.

आणि चौथे, अंगलोटाचे. थिओ फ्लरी पाच फूट सहा इंचांचा. १९८७ साली आठव्या फेरीत कॅलगरीने त्याला घेतला. दोन वर्षांत संघाने कप जिंकला तेव्हा तो संघात होता, आणि पुढे त्याचे हजारांवर गुण झाले. मूर्ती लहान पण कीर्ती महान, हे आपण कौतुकाने म्हणतो; पण निवडायच्या वेळी मूर्तीच मोजतो.

मात्र श्रोतेहो, येथे सावध राहिले पाहिजे. उणिवेला सबब सापडली म्हणजे गुण सिद्ध झाला, असे होत नाही. प्रत्येक लहान मुलगा फ्लरी नसतो आणि प्रत्येक मंद मुलगा स्टोन नसतो. तेव्हा दुसरा प्रश्न विचारावा लागतो: याच्याजवळ अशी एखादी गोष्ट आहे का, जी पुढे कोणी शिकवून येणार नाही?

त्या पारख्यांच्या शेजारी बसून मी एक गोष्ट टिपली. सगळे प्रेक्षक पककडे पाहत, ही माणसे मात्र बहुतेक वेळ पक जिथे नाही तिथे पाहत असत. मुलाकडे पक येण्यापूर्वी त्याने मान वळवून मागे पाहिले की नाही? सहकाऱ्याला वाट मोकळी व्हावी म्हणून तो आपण होऊन बाजूला सरकला का? पक हातून निसटल्यावर लगेच उलट फिरला, की चूक कोणाची याचा पंचापाशी निवाडा मागत उभा राहिला? तीन गोलांनी हरत असताना शेवटच्या मिनिटात तो कसा धावतो? रोबिताय, स्टोन आणि २००३ साली सातव्या फेरीत २०५ वा निवडलेला जो पावेल्स्की, या तिघांवर एकच आक्षेप होता: पाय मंद. पण तिघांनाही खेळ कुठे जाणार हे आधी कळत असे, आणि ज्याला आधी कळते त्याला अंतर कमी कापावे लागते. पाय वर्षा-दोन वर्षांच्या मेहनतीने सुधारतात. स्काउटांच्या भाषेत जिला खेळाची जाण म्हणतात ती अठराव्या वर्षी नसेल तर पुढे क्वचितच येते. म्हणून चार गोष्टींत मध्यम असलेल्या मुलापेक्षा एका गोष्टीत खरोखर उत्तम आणि एका गोष्टीत उघड कच्चा असलेला मुलगा शेवटच्या फेरीत घेण्यासारखा असतो. मध्यम खेळाडू बाजारात केव्हाही मिळतो.

तिसरा प्रश्न आकड्यांचा. माझ्या पेशाचा विषय असल्यामुळे यात शिरण्याचा मोह होतो, पण थोडक्यात आवरतो. ‘याचे गुण किती?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणाविरुद्ध, कोणाच्या साथीने आणि किती मिनिटांत, हे तीन पोटप्रश्न सुटल्याशिवाय आकडा मुका असतो. स्वीडनच्या वरिष्ठ लीगमध्ये पुरुषांविरुद्ध सहा-सात मिनिटे खेळून पाच गुण मिळवणारा मुलगा, समवयस्कांविरुद्ध पन्नास गुण मिळवणाऱ्यापेक्षा सरस असू शकतो. एखाद्याचे गुण शेजारी खेळणाऱ्या मोठ्या खेळाडूच्या ताटातले उष्टे असतात. एखाद्याचे बहुतेक गुण प्रतिपक्षाचा माणूस शिक्षा भोगायला बाहेर बसलेला असताना मिळवलेले असतात. आणि एका हंगामाचे आकडे म्हणजे काही आयुष्याची पत्रिका नव्हे. वर्गातल्या एका चाचणीवरून मुलाचे गणित ठरवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. आरशातही पाहिले आहेत.

आता मघाशी राखून ठेवलेल्या गोष्टीकडे वळतो. आपल्यापैकी एखादा चिकित्सक श्रोता मनात म्हणत असेल, की व्याख्याते फक्त जिंकलेल्यांच्या गोष्टी सांगताहेत. आक्षेप रास्त आहे. दात्स्यूकची गोष्ट सांगितली जाते, कारण तो दात्स्यूक झाला. त्याच्यासारखेच ‘लहानखुरा पण हुशार’, ‘मंद पण समजूतदार’ असे शेरे मिळालेली शेकडो मुले कुठे गेली, याची कोणी कथा सांगत नाही. आणि डेट्रॉइटला दात्स्यूक म्हणजे काय हे खरोखरच कळले असते, तर त्यांनी सहाव्या फेरीपर्यंत वाट पाहिली असती का? दुसऱ्या कोणी मध्येच उचलला असता तर! त्यांनाही कळले नव्हते. त्यांना इतकेच वाटले होते, की या मुलात काहीतरी आहे आणि १७१ व्या क्रमांकाच्या किमतीत ते पडताळून पाहायला हरकत नाही.

माझ्या मते या सगळ्याचे मर्म याच ठिकाणी आहे. शेवटच्या फेरीतली निवड हे भविष्यकथन नव्हे. ज्योतिषी कुंडली पाहून सांगतो की हा राजा होणार. पारखी सांगतो की हा बहुधा काही होणार नाही. पण झालाच तर फार मोठा होईल, आणि न होण्याचे जे कारण आज दिसते ते असे आहे की त्यावर उपाय करता येईल. इतके प्रामाणिकपणे बोलणारा माणूस मिळणे कठीण, कारण ऐकणाऱ्याला राजाच हवा असतो.

आणि उपाय करता येईल म्हटल्यावर, तो करायचा कोणी? येथे निवडणाऱ्याची जबाबदारी सुरू होते. १९९८ साली निवडलेला दात्स्यूक डेट्रॉइटला खेळू लागला २००१ मध्ये. १९९९ चा झेटरबर्ग आला २००२ मध्ये. दोघेही मधली वर्षे आपापल्या देशात, मोठ्या माणसांत खेळत पक्के झाले. पावेल्स्की विस्कॉन्सिन विद्यापीठात गेला, २००६ साली तिथे विद्यापीठांचे अजिंक्यपद मिळवले आणि मग सॅन होजेला आला. पुढे तेराशेहून अधिक सामने खेळला.

सर्वांत बोलके उदाहरण हेन्रिक आणि योएल लुंडक्विस्ट या जुळ्या भावांचे. एकच घर, एकच बर्फ, एकच वाढदिवस. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये डॅलसने योएलला तिसऱ्या फेरीत ६८ वा घेतला. हेन्रिकचे नाव न्यूयॉर्क रेंजर्सनी पुकारले ते सातव्या फेरीत, २०५ वे. हेन्रिक गोलरक्षक होता, आणि गोलरक्षक उशिरा पिकतो. रेंजर्सनी त्याला पाच वर्षे स्वीडनमध्येच खेळू दिले. २००५ साली तो न्यूयॉर्कला आला, २००६ मध्ये स्वीडनसाठी ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले, आणि पंधरा हंगाम त्या संघाचे दार राखले. अठराव्या वर्षीच त्याला उभे करून चार सामन्यांत निकाल लावला असता, तर निवड चुकली असे सर्वांनी म्हटले असते. चुकली असती ती निगा. आंबा कच्चा उतरवून अढीत घालतात आणि रोज दाबून पाहत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. दाबून दाबून खराब झालेल्या फळाला मग आंबट म्हणण्यात काय अर्थ?

अर्थात यालाही दुसरी बाजू आहे. डेट्रॉइट थांबू शकले, कारण त्यांचा संघ त्या काळी बलाढ्य होता. कोवळ्या मुलांवाचून त्यांचे अडत नव्हते. ज्याच्या घरी आज चूल पेटायची भ्रांत, तो आंब्याची अढी घालत बसत नाही. धीर हा सद्गुण खरा, पण तो परवडावाही लागतो.

शेवटी, ज्यांचे नाव पुकारलेच जात नाही त्यांच्याविषयी दोन शब्द. मार्टिन सँ लुई या ठेंगण्या खेळाडूला एकाही संघाने कोणत्याही फेरीत निवडले नव्हते. तो व्हरमाँट विद्यापीठात खेळला, कॅलगरीकडे गेला, त्यांनी सोडले, टँपाने घेतले; आणि २००४ साली लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू तोच ठरला, कपही त्याच वर्षी जिंकला. यादी हे दैव नव्हे, हे सांगायला हे उदाहरण बरे. परंतु हेही जिंकलेल्याचेच उदाहरण, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून एक न जिंकलेले सांगतो आणि पुरे करतो. शाळेत असताना आमच्या हॉकी संघाच्या निवड समितीत मीही असे; आपली मैदानावरची साधी हॉकी. एके वर्षी एक मुलगा आला. अंगाने किरकोळ, अनवाणी, स्टिक दुसऱ्याकडून मागून आणलेली. चेंडू त्याच्याकडे येण्यापूर्वी तो मान वळवून मागे पाहत असे. मला त्याचा अर्थ कळला नाही. लक्ष नाही असे वाटले. मी त्याच्या नावापुढे फुली मारली. फुली मारायला किती वेळ लागतो? पुढच्या वर्षी तो आला नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी शाळेतही दिसला नाही. विनिपेगच्या बाकावर त्या पारख्यांशेजारी बसून, ती मान वळवणारी मुले पाहताना, इतक्या वर्षांनी मला तो आठवला. तो पुढे मोठा खेळाडू झाला असता, असा माझा दावा नाही. बहुधा झालाही नसता. पण ते मला ठाऊक नाही, आणि आता कधीच कळणार नाही. निवडलेल्या मुलाविषयी आपण चुकलो तर काळ आपली चूक दाखवतो. वगळलेल्या मुलाविषयी चुकलो तर ती दाखवायला कोणी येत नाही. म्हणून वगळणाऱ्याला आपण नेहमी बरोबरच होतो असे वाटत राहते.

आपल्यापैकी कोणी शिक्षक असतील, कोणी कचेरीत उमेदवार पाहत असतील, आईबाप तर बहुतेक सगळेच असतील. निवड आपल्याला टळणार नाही, आणि जागा दोनशे चोवीस असोत की अकरा, कोणाला तरी वगळावे लागणारच. माझी विनंती एवढीच, की फुली मारण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारावे: हा मागे का राहिला? कारण वयाचे आहे, अंगाचे आहे, जागेचे आहे, की खरोखर त्याचे स्वतःचे? उत्तर नेहमीच मिळेल असे नाही. पण हा प्रश्न ज्याच्याविषयी विचारला गेला, त्या मुलाला निदान कोणीतरी पाहिले, एवढे तरी होईल.

 बाहेर अजून उकडतेच आहे. बर्फाचा माल माझ्यापाशी होता तेवढा संपला. नमस्कार.